पोत्याची वीण

"शी! हे काय, चाटलंय का काय कुणी?"

धारकाकांनी परत आलेली लेन्स दिव्याखाली धरली आणि मान झटकन मागे घेतली. पुढची काच ताटलीएवढी. तिच्यावर अंगठ्याचा तेलकट ठसा, थुंकीचा वाळलेला ओघळ आणि त्यावर शर्टाच्या टोकाने गोल गोल फिरवलेला फराटा. पुढच्या टोपणात बिस्किटांचा चुरा. कड्याच्या खाचेत काहीतरी चिकट बसलं होतं. ते काय असेल याचा विचार काकांनी केला नाही, कारण न्याहारी नुकतीच झाली होती आणि ती पोटात राहायला हवी होती. माणसं भाड्याच्या वस्तूशी जशी वागतात तशी घरच्या पायपुसण्याशीही वागत नसतील.

"काका, तोंड वाकडं करून काच साफ होत नाही," गल्ल्यावरून मालकीणबाई म्हणाल्या.

"मग या आणि तुम्ही पुसा. मी बसतो तिथे, गोड बोलत."

"मला कुठे धार कळते? ती तुम्हाला कळते."

कळत होतीच. कॅमेरे आणि लेन्सा भाड्याने देणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत काका सव्वीस वर्षं बसत होते. परत आलेली प्रत्येक लेन्स पुसायची, बोळाच्या टोकाला भिंतीवर लावलेल्या बारीक अक्षरांच्या कागदाचा तिच्यातून फोटो काढायचा, आणि अक्षरांच्या कडा पडद्यावर मोठ्या करून बघायच्या. सगळं जग शार्प म्हणतं, काका धार म्हणायचे, म्हणून ते धारकाका. धार नसलेली लेन्स त्यांच्या हातून गिऱ्हाइकाकडे गेली असं एकदाही झालं नव्हतं. माणसांचा त्यांना केव्हाच वीट आला होता. काचेचा मात्र कधीच नाही.

त्याच दिवशी दुपारी पांढरे बूट आले. म्हणजे माणूसच आला, पण आधी दिसले ते बूट. लखलखीत पांढरे, आणि वरचा माणूस मात्र केसांपासून कॉलरपर्यंत तेलाने थबथबलेला. तोंडात काहीतरी चघळत होता.

"लांबचं पाहिजे," तो म्हणाला. "एकदम लांबचं."

"कशाला?"

"पक्षी."

"कुठला पक्षी?"

"अहो, पक्षी म्हणजे पक्षी. उडणारा." आणि स्वतःच्याच विनोदावर तो असा हसला की समोरच्या काचेवर शिंतोडे उडाले. काकांना शिसारी आली. त्यांनी फडकं घेऊन काच पुसली, त्याच्यादेखतच.

"नुसता आकडा मोठा म्हणजे लांबचं चांगलं दिसतं असं नसतं," काका म्हणाले. गिऱ्हाईक कितीही किळसवाणं असलं तरी हा विषय निघाला की त्यांची कळी खुलायची, हा त्यांचा जुना दोष. "ही तीनशेची लेन्स, भरपूर उजेड घेणारी. हिच्यामागे हा डबलर लावला की झाली सहाशेची."

काकांनी टेलिकन्व्हर्टर तळहातावर ठेवून दाखवला. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचं, पेल्याएवढं काचेचं कडं.

"मग हाच द्या की. स्वस्तात काम."

"ऐका तर. हा उजेड खातो. चार घास उजेड आला तर तीन याच्या पोटात, एक तुमच्या. वर लेन्सचे जे काही दोष असतील ते पण दुप्पट करून देतो. हे दुसरं तसलंच कडं, ही दीडपटी. खरं तर दीडलाही कमीच. ती निम्माच उजेड खाते, जरा शहाणी आहे. सहाशेच्या लेन्सला हिला जोडलं तर बघा मजा."

"माणसाचं तोंड ओळखू येईल?"

"पक्ष्याचं म्हणायचंय का?"

"तेच ते हो."

काकांनी ते ऐकलं होतं. नंतर पुष्कळ दिवस त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं की आपण नीट ऐकलं नव्हतं, पण ऐकलं होतं. विचारलं नाही, एवढंच.

त्या दुकानाची एक पद्धत होती. महागडी लेन्स कुणी नेणार असेल तर काका गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन, तिथल्याच उजेडात, चार जोड्या लावून चार फोटो काढायचे आणि एक तुलनापत्रक लिहून द्यायचे. कोणता जोड चांगला, कोणता निकामी, का. खाली सही. ते पत्रक काकांच्या हस्ताक्षरात असायचं आणि त्या अक्षराचाही त्यांना अभिमान होता. मालकीणबाई म्हणायच्या, एवढं तर लोक प्रेमपत्रही मन लावून लिहीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पांढरे बूट त्यांना एका तिमजली इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेले. पाण्याच्या टाकीमागे कबुतरांच्या विष्ठेचा थर साचलेला, त्यातच कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवावं लागलं. सगळं ओझं काकांच्या पाठीवर, आणि हा गृहस्थ हात खिशात घालून कठड्यावरून खाली पिचकाऱ्या मारत उभा.

"कशावर लावू?" काकांनी विचारलं. "झाडबीड दिसत नाही इथे कुठे."

"तिकडे बघा. ते अंगण. तो माणूस उभा आहे ना, त्याच्यावर लावा. रोज याच वेळेला येतो तो उन्हात."

सत्तर-ऐंशी पावलांवर एक अंगण होतं. शेजारच्या इमारतीचं काम चाललेलं, म्हणून तिकडून धूळ येऊ नये असा निळा प्लास्टिकचा कागद वरपासून सोडून अंगणाच्या छातीभर उंचीच्या भिंतीवर घेतलेला. कागद उडू नये म्हणून भिंतीवर वाळूची पोती ओळीने ठेवलेली. भिंतीच्या पुढे दोन-तीन पावलांवर एक माणूस गच्चीकडे तोंड करून उन्हात नुसता उभा होता.

माणूस असला तर बरंच असतं. केस असतात, कातडी असते, कापड असतं. धार तिन्हीवर बघता येते. काकांनी कॅमेरा उभा लावला, डोळा टेकवला, आणि मग त्यांना जग राहिलं नाही. आधी नुसती तीनशेची. मग तिलाच डबलर. मग चारशेला डबलर. शेवटी सहाशेला दीडपटी. त्या शेवटच्या वेळी माणसाने डावा हात उचलून मान खाजवली, आणि नेमक्या त्याच क्षणी काकांनी बटण दाबलं. हालचालीतही धार टिकते का ते त्यांना बघायचं होतं.

टिकली होती. लहान पडद्यावर मोठं करून बघितलं तेव्हा काकांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. कॉलरचे टाके मोजता येत होते.

"तोंड?" पांढऱ्या बुटांनी वाकून विचारलं. त्याच्या तोंडाचा आंबूस वास काकांच्या नाकात गेला.

"टाके मोजता येतात, तोंडाचं काय घेऊन बसलात!"

संध्याकाळी त्यांनी पत्रक लिहिलं. चित्र पहिलं, नुसती तीनशे: विषय लहान, आजूबाजूची अडगळच जास्त, निकामी. दुसरं, मऊ. तिसरं, बरं. चौथं: उत्तम. चेहरा, केस, शिवण स्पष्ट. व्यक्ती निःसंशय ओळखू येते. फक्त खांद्यावरच्या पोत्याची वीण किंचित मऊ, तो दोष टेलिकन्व्हर्टरचा. खाली सही. मग रिवाजाप्रमाणे उत्तम फोटो गिऱ्हाइकाला दिला, बाकीचे पुसले आणि कार्ड पुढच्या गिऱ्हाइकासाठी रिकामं करून डब्यात टाकलं.

तीन आठवड्यांनी दुकानात पत्र आलं. एका मोठ्या कंपनीच्या चौकशी विभागाकडून. अमुक पत्रकावरची सही आपलीच आहे हे सांगायला गुरुवारी अकरा वाजता हजर राहावं. सोबत पत्रकाची आणि फोटोची छापील प्रत, आणि दोन ओळींत प्रकरण काय ते. गोदामातल्या या हमालाच्या उजव्या खांद्यावर आठ महिन्यांपूर्वी मालाची थप्पी कोसळली. हात वर उचलत नाही म्हणून त्याला फाटकावर गाड्यांची वजनं लिहायचं बैठं काम दिलं. आता कंपनीचं म्हणणं, खांदा ठणठणीत आहे, तो ढोंग करतोय. गोदामात परत ओझी उचलायला यावं, नाहीतर नाव कमी करू.

काकांनी फोटो बघितला. निळ्या पार्श्वभूमीवर एक माणूस, उजव्या खांद्यावर वाळूचं भरलेलं पोतं, ते सावरायला डावा हात वर नेलेला.

आईशप्पथ सांगतो, तोपर्यंत त्या माणसाने पोतं उचललेलं दिसतंय हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते टाके बघत होते.

घरी त्यांनी फोटो बायकोसमोर टाकला. ती भाजी निवडत होती. तिने हात पुसून फोटो उचलला.

"कोण आहे हा?"

"कोण म्हणजे? कुणीतरी होता अंगणात."

"अहो, त्याला जवळून बघितलंत ना? कसा होता? आजारी दिसत होता? चांगला?"

"काय माहीत. चौकडीचा शर्ट होता. कॉलरला इंचात नऊ टाके, एक उसवलेला."

बायकोने फोटो खाली ठेवला. "टाके नऊ, आणि माणूस कुणीतरी. शाब्बास! मला तर बाई ऐकूनच कसंतरी होतंय."

"पोतं भिंतीवर होतं गं. लांबून बघितलं की पुढचं-मागचं एकाला एक चिकटून दिसतं. आणि मोठ्या लेन्सने आजूबाजूचं सगळं कापलं. पहिल्या फोटोत भिंतीवरची अख्खी ओळ दिसत होती पोत्यांची."

"मग तो पहिला दाखवा की त्यांना."

काकांनी फोटो उलटा घातला. तिला सव्वीस वर्षांचा रिवाज ठाऊक होता, तिला सांगावं लागलं नाही. ती भाजीची देठं गोळा करून उठली आणि जाता जाता म्हणाली, "तोंडाने तरी सांगा. तेवढं तरी करा." आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या थुंक्या पुसत आणि नाकं मुरडत आले होते. त्या रात्री ते स्वतःचेच हात पुन्हा पुन्हा धूत राहिले.

गुरुवारी चौकशीच्या खोलीबाहेर पांढरे बूट भेटले, या खेपेला गळ्यात कंपनीचा बिल्ला. खांद्यावर थाप मारून म्हणाले, "काका, पत्रक म्हणजे फर्स्ट क्लास हं! वकिलालासुद्धा जमलं नसतं."

"पक्षी म्हणाला होतात तुम्ही."

"मग? सापडला की नाही?"

काकांना त्या तेलकट तोंडावर ओकावंसं वाटलं. पण ते त्याच्या मागोमाग आत गेले.

आत चौकशीच्या बाई होत्या. दुष्ट नव्हत्या. दमलेल्या होत्या, आणि समोर अजून पाच फायली पडल्या होत्या. टेबलाच्या पलीकडे तो माणूस बसला होता. काकांनी त्याला पहिल्यांदाच असं बघितलं, मध्ये काच नसताना. पन्नाशीचा, गालफडं बसलेली, दाढी ताजी केलेली. उजवा हात मांडीवर पडला होता.

बाईंनी फोटो त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो डाव्या हाताने उचलला आणि बराच वेळ बघितला.

"फोटो चांगला आलाय," तो म्हणाला. "पण पोतं माझ्या खांद्यावर नाही बाई. ते मागे भिंतीवर आहे."

"सगळे असंच म्हणतात," पांढरे बूट म्हणाले.

"डॉक्टरांचा कागद जोडलाय मी."

"डॉक्टरांनी लिहिलंय, दुखतं असं तो सांगतो. दुखणं काही फोटोत येत नाही," पांढऱ्या बुटांनी लगेच सांगितलं.

बाईंनी काकांकडे मान वळवली. "ही सही तुमची?"

"माझीच. पण बाई, एक सांगायचंय. तो खरं बोलतोय. पोतं भिंतीवरच होतं. मी आधी एक फोटो काढला होता, त्यात पाच-सहा पोती ओळीने दिसत होती."

तो माणूस एकदम ताठ बसला. त्याच्या डोळ्यांत जे काही आलं ते बघून काकांना वाटलं, हे बघायला नको होतं आपल्याला.

"मग दाखवा तो फोटो," बाई म्हणाल्या. त्यांनीही खरोखरच पेन खाली ठेवलं होतं.

"पुसला."

"का?"

"निकामी होता म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

बाईंनी पत्रक उचलून वाचलं, "चित्र पहिलं. आजूबाजूची अडगळच जास्त. निकामी. हे तुमचंच अक्षर ना?"

"हो."

"सुंदर आहे."

"बाई, थांबा. याच फोटोत पुरावा आहे." काका टेबलावर वाकले. त्यांचा आवाज चढला होता. "शर्ट बघा, टाकेसुद्धा मोजता येतात. आणि पोतं बघा. वीण मऊ आहे. धूसर. खांद्यावर असतं तर शर्टाइतकंच स्पष्ट आलं असतं. ते मागे आहे म्हणून धूसर आहे! कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा."

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. शर्ट बघितला. पोतं बघितलं. मग त्यांनी पुन्हा पत्रक घेतलं आणि बोट ठेवून हळूहळू वाचलं. "फक्त खांद्यावरच्या पोत्याची वीण किंचित मऊ, तो दोष टेलिकन्व्हर्टरचा."

"ते मी... ते चुकीचं लिहिलं मी."

"खांद्यावरच्या, असं लिहिलंय तुम्ही."

"दिसलं तसं लिहिलं. माझं लक्ष धारेकडे होतं. मी माणसाकडे बघतच नव्हतो, बाई!"

"सव्वीस वर्षं हेच काम करतात, यांच्या मालकीणबाईंनी लिहून दिलंय," पांढऱ्या बुटांनी आठवण करून दिली. "त्या दिवशी काही नातं नव्हतं, काही नाही. आज कणव आली असेल. माणूस आहे शेवटी."

बाईंनी कपाळ चोळलं. "हे बघा काका. त्या दिवशी तुम्हाला कुणाचं भलं-वाईट करायचं नव्हतं. म्हणून त्या दिवशी लिहिलेलं मला खरं धरावं लागतं. आज तुम्हाला करायचंय. मी तरी काय करू, सांगा?"

काकांनी त्या माणसाकडे बघितलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. रागाने बघितलं असतं, शिवी दिली असती, तर काकांना बरं वाटलं असतं. तो फक्त फोटो व्यवस्थित, कडेला कडा जुळवून, पत्रकावर परत ठेवत होता.

बाईंनी चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. सोमवारी सकाळी सातला गोदामात हजर व्हायचं. नाही झाला तर नाव कमी.

"समजलं?"

"समजलं."

"इथे सही. मिळाल्याची."

त्याने डाव्या हाताने पेन उचललं आणि कागदावर टेकवलं.

"डाव्या हाताने नको हो, ती रेकॉर्डला जुळत नाही. मग पुन्हा बोलवावं लागेल तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि शिक्क्यासाठी खणात वाकून शोधू लागल्या. पांढरे बूट घड्याळ बघत होते.

त्या माणसाने पेन टेबलावर ठेवलं. डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात मनगटापाशी धरला, उचलला आणि कागदाजवळ आणून ठेवला. ओठ आत ओढून घेतले होते त्याने. मग बोटं एकेक करून उघडली, त्यांत पेन बसवलं आणि कागदच हाताखाली हळूहळू सरकवत सही केली. सही नीटस होती.

"बाई," काका ओरडलेच. "बाई, बघा! हे बघा इकडे!"

"काय झालं?" बाई शिक्का घेऊन वर आल्या.

तोवर त्याने हात पुन्हा मनगटाला धरून उचलला होता आणि मांडीवर ठेवला होता. पेनचं टोपण दातांत धरून त्याने डाव्या हाताने पेन त्यात बसवलं, शर्टाला पुसलं, आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"तुमचं पेन," तो म्हणाला.